चुकलीस तर खाली उतर

बर्गन कसं आहे, असं कुणी विचारलं की मी "छान आहे" म्हणते आणि विषय बदलते. नॉर्वेतल्या त्या शहरात मी भर जानेवारीत होते आणि खरं सांगायचं तर त्यातला बराचसा वेळ मी एकच इमारत पाहिली. करड्या रंगाची, समोर काचेचं दार, मागच्या अंगाला सायकली लावायची जागा, शेजारी बेकरी. लोक युरोपात जाऊन किल्ले बघतात, चर्च बघतात, बर्फात उभं राहून फोटो काढतात. मी एका दाराकडे बघत बसले होते. त्यातून माझी मैत्रीण बाहेर येते की नाही, आणि आली तर बरोबर बाजूला वळते की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

मैत्रीण तिथे कॉन्फरन्सला आली होती. ती मासळीच्या शास्त्रातली. खाडीच्या चिखलात गुडघाभर उभ्या राहून मुळे, म्हणजे शिंपल्यातली मासळी, आणि कालवं काढणाऱ्या बायकांवर तिनं उभं आयुष्य काम केलं. नोकरीतून निवृत्त झाली तरी ओहोटी लागली की तिचे पाय चिखलात असतात. बर्गनच्या लोकांनी तिला भाषणाला बोलावलं तेव्हा जयगडपासून रत्नागिरीपर्यंत ओळखीच्या सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. मी मात्र अभिनंदन करून झाल्यावर घरी आले आणि काळजी करत बसले.

आम्ही दोघी जयगड खाडीच्या पलीकडच्या काठावर वाढलो, गुहागरच्या बाजूला. तिचे वडील जहाजावर खलाशी होते, माझे वडील मास्तर. तिच्या घरचा शीरखुर्मा आमच्याकडे यायचा, आमच्याकडचे मोदक तिच्याकडे जायचे आणि भांडी कधीच रिकामी परत जायची नाहीत. शाळा या काठावर, जयगडला, म्हणून रोज तरीतून यायचं. तर म्हणजे खाडी ओलांडणारी होडी. आता तिथे मोटारी वाहून नेणारी फेरीबोट आहे, पण आमच्या तोंडात अजून तरच बसलेली आहे. पुढे लग्न होऊन मी याच काठावर आंब्याच्या बागेत आले, आणि तिनंही निवृत्तीनंतर खाडीला लागून घर बांधलं. तिचा नवरा गेल्यापासून ती एकटी राहते. एकुलता एक मुलगा दोहाला.

गेल्या पावसाळ्यात ती चिपळूणहून येताना भलत्याच फाट्यावर एसटीतून उतरली आणि तिथल्या चहाच्या टपरीवर तिन्हीसांजेपर्यंत बसून राहिली. टपरीवाल्यानं तिच्या फोनवरून शेवटचा नंबर लावला, तो माझा होता. मी रिक्षा करून गेले. "पावसात फाटा दिसला नाय गो," ती म्हणाली, आणि रिक्षात माझ्या खांद्याला टेकून झोपून गेली. पाऊस त्या दिवशी पडलाच नव्हता. त्यानंतर गॅसवर पातेलं करपण्याचे प्रकार झाले, एकच कहाणी एका बैठकीत दोनदा सांगून झाली. जयगडची बातमी खाडीपलीकडे जायला वेळ लागतो, दोहाला जायला लागत नाही. मुलाचा फोन आला.

"मावशी, अम्मीबरोबर तुम्ही जाल का? फिरून येतो असं म्हणा. मी आलो तर ती चिडेल, म्हणेल माझ्यावर पहारा ठेवायला आलास." मी बरं म्हटलं. तो पुढे म्हणाला, "आणि नीट बघा, मावशी. ती ठीक असेल तर राहू दे तिथं, माझी हरकत नाय. नसेल तर ईद झाली की मी तिला इकडं घेऊन येतो. तुम्ही सांगाल तसं."

तुम्ही सांगाल तसं. एवढे तीन शब्द माझ्या बोडक्यावर ठेवून त्यानं फोन ठेवला. त्याचं घर मी फोनवर पाहिलेलं आहे, कितव्या तरी मजल्यावर, खिडक्या न उघडणाऱ्या. तिथे ती काय करील? सून चांगली आहे, नातवंडं गोड आहेत, पण ओहोटी कुठून आणायची? आणि मी तरी तिच्याशिवाय या काठावर कुणाशी भांडायचं? नवरा आहे, पण तो मोहोराशी जेवढं बोलतो तेवढं माझ्याशी बोलत नाही. हे सगळं मनात असताना मी कानटोपी, लोकरीचे मोजे आणि नवऱ्याची जुनी लोकरी पँट पिशवीत भरली.

बर्गनला पोचलो तेव्हा पाऊस होता. बर्फाची आशा धरून गेले होते, मिळाला तो चिकट, आडवा, न संपणारा पाऊस, आणि मधूनच त्याचा व्हायचा ओला बर्फ. तिथली माणसं छत्री घेत नाहीत. आमच्याकडे आषाढात डोक्यावर इरलं घेऊन लावणी करतात तशी ही माणसं टोप्या ओढून मुकाट चालत असतात. आम्हाला दिलेली खोली एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर होती, कोपऱ्यात छोटी शेगडी. मैत्रिणीनं पिशवीतून कुळथाचं पीठ काढलं, आमसुलं काढली, आणि सगळ्यात खाली कपड्यांत गुंडाळलेली सोड्यांची पुडी. सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी. तो वास विमानतळावरच्या कुत्र्यानं कसा सोडला कोण जाणे. "मासेखाऊंच्या गावात चाललोय, त्यांना कसला वास येतोय," ती म्हणाली. मी म्हटलं, बाई ठीक आहे. तेवढ्यानं मला बरं वाटलं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघी बंदरावर उतरलो. एका बाजूला जुन्या लाकडी घरांची रांग, तांबडी, पिवळी, एकमेकांच्या अंगावर कललेली. दुसऱ्या बाजूला मासळीबाजार, तिथले खेकडे बघून मैत्रिणीनं तोंड वाकडं केलं. "आकार बघ, आणि चव काय असणार, पाणी." मग एकदम तिनं माझा दंड धरला. "अगो, तर बघ."

खरंच तर होती. बंदराच्या या बाजूची माणसं त्या बाजूला नेणारी छोटीशी होडी, छपराची, पुढे एक दिवा लावलेली. धक्क्यावर लाकडी पायऱ्या, कठड्याला टायर बांधलेले. दोन बायका आणि एक सायकल घेऊन ती निघाली तसे आम्ही दोघी हात करून उभ्या राहिलो, जणू ओळखीचीच माणसं चालली होती. ती पलीकडे टेकेपर्यंत मैत्रीण हलली नाही. "बाबा असते तर नाखव्याशी बोलायला गेले असते," ती म्हणाली.

तिचे वडील सुट्टीवर असत तेव्हा आम्हा दोघींना माघी गणपतीला हेदवीच्या जत्रेला घेऊन जात. गर्दीत शिरायच्या आधी ते खाली बसून दोघींना सांगत, "चुकलीस तर रडायचं नाय. खाली उतरायचं. कुठलीपण वाट उताराला लागली की पाण्याकडं येते. पाण्याला तर असतेच. तरीवर जाऊन उभी रहा, मी तिथं येतो." हे ते दर वर्षी सांगत आणि आम्ही दर वर्षी मान डोलवत असू. चुकलो कधीच नाही, त्यामुळे ती शिकवण कधी वापरावी लागली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून माझा पहारा सुरू झाला. सकाळी काळोखातच आम्ही बाहेर पडायचो. ती पुढे, मी मागे. तिच्या हातात फोन, त्यावर नकाशा, आणि ती न चुकता वळणं घ्यायची. काचेच्या दाराशी ती गळ्यात ओळखपत्र अडकवायची आणि मला म्हणायची, "आता तू शहर बघ. माझ्या मागं मागं करू नको."

"बघते ना," मी म्हणायचे, आणि बेकरीत जाऊन बसायचे.

तिथून दार दिसायचं. एका कॉफीवर किती वेळ बसता येतं याचा अंदाज आला की मी उठून इमारतीला एक फेरी मारायचे. मग पलीकडच्या तळ्याला वळसा. मग एका संग्रहालयात शिरले. तिथे भिंतीवर मोठमोठी चित्रं होती, डोंगर, पाणी, आजारी मुलगी, पण मी उभी राहिले खिडकीशी, कारण खिडकीतून तिच्या इमारतीचं छप्पर दिसत होतं. रखवालदार बाईला मी चित्रं सोडून पावसाची चाहती आहे असं वाटलं असावं. दुपारी चारच्या सुमाराला अंधारून आलं की मी बेकरीतल्या खिडकीजवळची खुर्ची धरायचे. आमच्याकडे दिवेलागणीला माणूस घरात हवं, आणि इथे दिवेलागण माणसं कामात असतानाच येते. काचेच्या दारातून माणसं बाहेर पडू लागली की मी प्रत्येक टोपी तपासायचे. मग ती दिसायची, चार माणसांत हसत, हातवारे करत. मी लांबूनच आल्यासारखं करायचे.

"काय काय बघितलंस?"

"बरंच."

"थापा मारतेस गो."

पण काळजीला कारण नव्हतं असंही नाही. रोज सकाळी मोजे चढवताना ती विचारायची, "मोहोर आला का गो तुझ्याकडं?" मी म्हणायचे, आला, कलमं भरून आलीत, फक्त धुकं नको पडायला. ती मान हलवायची. चहा होईपर्यंत पुन्हा, "मोहोर आला का गो?" मी पुन्हा तेच सांगायचे, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. दारातून बाहेर पडताना पुन्हा. एके दिवशी तिनं किल्ली साखरेच्या डब्यात ठेवली आणि आम्ही अर्धा तास शोधत होतो. मी स्वतः चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते, मग तिच्या किल्लीचा बाऊ का करायचा? पण मी चष्मा शोधते तेव्हा दोहात कुणी वाट बघत बसलेलं नसतं.

मुलाचा फोन रोज यायचा, आधी तिच्याशी बोलणं, मग माझ्याकडे. "मावशी, कसं काय?" मी म्हणायचे, "पाऊस आहे." तो म्हणायचा, "आणि बाकी?" मी म्हणायचे, "बाकी तिचं भाषण व्हायचंय, मग सांगते." असं करून मी दिवस ढकलत होते. ती पलंगावर बसून पुस्तक वाचत असायची आणि पान उलटत नसायची.

भाषणाच्या दिवशी सकाळी तिनं निळी साडी नेसली, वर जाडजूड कोट. दाराशी ती वळली. "आज तू इथं थांबायचं नाय. डोंगरावर जा. ती दोराची गाडी आहे ना, तिनं जा. वरनं फोटो काढ आणि मला दाखव."

"भाषण झाल्यावर दोघी जाऊ."

"नाय. तू त्या बेकरीत बसलीस की मला आतून कळतं. तुझी काळजी माझ्या मानेवर बसते. मला शब्द सुचायचे नायत." असं ती कधी बोलत नाही. म्हणजे ती रोज मला बघत होती तर. मी ओशाळले आणि जाते म्हटलं. "मी सुटले की दारात भेट," ती म्हणाली. "दारातच."

शहराच्या पाठीशीच तो डोंगर आहे. रुळांवरून दोरानं ओढलेली गाडी तुम्हाला वर नेऊन सोडते. वर गेले तर ढगात. खाली शहर आहे हे कुणीतरी सांगायचं आणि आपण विश्वास ठेवायचा, एवढंच. मी पांढऱ्या धुक्याचे दोन फोटो काढले. मग ओला बर्फ पडायला लागला, मग खरा. झाडं बघता बघता पांढरी झाली. सुंदर दिसत होतं, हे मला कळत होतं, पण माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. आता ती उभी राहिली असेल. आता बोलत असेल. मधेच थांबली तर? समोर परक्या मुलखातली माणसं, आणि तिला आपण कुठे आहोत हेच आठवलं नाही तर?

खाली जायच्या गाडीला रांग होती. शेजारी पायवाटेची पाटी होती. मी तीस वर्षं भूगोल शिकवला आहे. फळ्यावर हातानं भारताचा नकाशा काढून त्यात कोकण किनारपट्टी दाखवणारी बाई एका टेकडीवरून खाली उतरू शकत नाही काय? चालत गेले तर लवकर पोचेन, असा हिशेब करून मी निघाले.

वाट नागमोडी, दोन्ही बाजूंना उंच झाडं. एका ठिकाणी ती फुटली. मी डावी धरली. पुढे ती पुन्हा फुटली. तोवर उजेड गेला होता. आमच्याकडे संध्याकाळ होते म्हणजे आधी आभाळ तांबडं होतं, पक्षी घरी जातात, कुणीतरी हाक मारतं. इथे कुणी काही न सांगता दिवस मिटून गेला. फोन काढला तर थंडीनं त्याचा जीव गेलेला. काळा पडदा, आणि त्यात माझी कानटोपी.

मी भ्यायले. बर्फाला नाही, अंधारालाही तेवढी नाही. भ्यायले ती दाराला. ती बाहेर येईल, दारात मी नसेन. रोज मी असते. ती इकडे तिकडे बघेल, माणसं पांगतील, बर्फ पडत असेल, सगळ्या रस्त्यांची तोंडं सारखी दिसत असतील. मग ती चालायला लागेल. कुठे? त्या फाट्यावरच्या टपरीसारखी इथे कुठल्या टपरीवर तिला कोण बसवून घेणार? आणि संध्याकाळी मुलाचा फोन येईल. मी ज्यासाठी इथवर आले तेच घडेल आणि माझ्यामुळे घडेल.

झाडं संपून घरं लागली. पांढरी लाकडी घरं, प्रत्येक खिडकीत दिवा, आणि गल्ल्या सगळ्या एकीसारखी दुसरी. कुत्रा घेऊन चाललेली एक बाई भेटली. मी इंग्रजीत विचारलं, कॉन्फरन्स कुठे चालली आहे? तिनं विचारलं, कुठली? मी म्हटलं, मासळीची. इमारतीचं नाव काय? मला माहीत नव्हतं. करड्या रंगाची, शेजारी बेकरी. ती बिचारी हसली आणि म्हणाली, अशा पुष्कळ आहेत. तुम्ही उतरलात कुठे? तेही मला सांगता येईना. खोलीचा पत्ता मैत्रिणीकडे, किल्ली मैत्रिणीकडे, रस्त्याची नावं तिच्या फोनवर. मी आठवडाभर तिच्या पाठीकडे बघत चालले होते आणि एकाही पाटीकडे पाहिलं नव्हतं. त्या बाईनं पोलिसांना बोलवू का म्हणून विचारलं. मी घाईघाईनं नको म्हटलं. पोलिसांपाशी जाऊन काय सांगणार होते मी, की एका विसरभोळ्या बाईला सांभाळायला आले आणि तिच्याशिवाय मला माझं घर सापडत नाही?

मग मी विचार करणं सोडलं आणि उतार धरला. ठरवून नाही. पाय वळले. उजवीकडे वळावं की डावीकडे हा प्रश्नच ठेवला नाही, जी गल्ली खाली जाईल ती आपली. दगडी पायऱ्या होत्या, त्यांवर बर्फ बसलेला. तिथली माणसं बुटांना लोखंडी काटे लावून चालतात, माझ्या बुटांना काटे कुठले. दोनदा मी सपशेल बसले. तिसऱ्यांदा पडण्याआधीच बसले आणि नवऱ्याच्या लोकरी पँटीवरून पुढच्या काही पायऱ्या तशीच घसरत उतरले. मास्तरीण बाईंना त्या अवस्थेत जयगडच्या पोरांनी पाहिलं असतं तर वर्षभर पुरलं असतं. मला हसू येत नव्हतं. मी तोंडानं काहीतरी पुटपुटत होते, बहुधा हेदवीच्या गणपतीला सांगत होते की तिला दारातच उभी ठेव, हलू देऊ नकोस.

पाण्याचा वास आला आणि मग बंदराचे दिवे. किनाऱ्याकिनाऱ्यानं गेले तशी ती तांबडी पिवळी घरं लागली, आणि त्यांच्या पुढे तो धक्का, टायर बांधलेला कठडा. होडी दुसऱ्या काठाला होती. तिच्या पुढचा दिवा पाण्यात हलत होता. मी कठड्याला धरून उभी राहिले. इथे उभं राहण्यात काहीही अर्थ नाही हे मला कळत होतं. या शहरात चुकलेलं माणूस तरीवर येत नाही, आणि त्याला शोधायलाही कुणी इथे येत नाही. पुन्हा कुणाला तरी विचारावं, एखाद्या दुकानात शिरावं, फोन चार्ज करून घ्यावा, शहाण्या माणसानं करायच्या अशा चार गोष्टी होत्या. मी त्यातली एकही केली नाही. होडी आली, माणसं उतरली, माझ्याकडे बघत निघून गेली. होडी परत गेली. माझ्या पायांची बोटं मला कळेनाशी झाली.

"किती वेळ उभी हायस गो?"

ती माझ्या मागे उभी होती. कोटाची बटणं वरखाली लागलेली, निळ्या साडीचे काठ चिखलात, डोक्यावर टोपी नाही, केसांवर बर्फ. गळ्यात ओळखपत्र तसंच. मी तिला मिठी मारली आणि रडले, तोंड झाकून वगैरे नाही, चांगली भोकाड पसरून. तिनं माझ्या कानटोपीवरचा बर्फ झाडला.

"तुला कसं कळलं मी इथं आहे?"

ती कठड्याला टेकली. होडी पुन्हा या काठाला येत होती, तिच्याकडे बघत राहिली.

"मी दारात आले. तू नव्हतीस," ती म्हणाली. "आणि मला कळेना, मी कुठं आलेय. इमारत कसली, माणसं कुठली, बर्फ कशाला पडतोय. काय पण कळेना. रोज काय व्हायचं, समोर तू दिसायचीस. तू दिसलीस की सगळं जागेवर यायचं. आज तू नाय, तर काहीच नाय." तिनं ओठ पुसले. "मग बाबांचं आठवलं. रडायचं नाय, खाली उतरायचं. मी तुला शोधत नाय आले गो. मी चुकले म्हणून आले."

मी तिच्या कोटाची बटणं नीट लावायला घेतली. तीच पुढे म्हणाली, "इथं आले तर तू. तुझं तोंड बघितलं तेव्हा सगळं परत आलं. बर्गन, भाषण, सगळं."

"भाषण कसं झालं?"

"चांगलं झालं. मधेच एकदा इंग्रजी शब्द सापडेना, मग मुळेच म्हटलं. पडद्यावर चित्र होतंच. पुढं सगळे मुळे मुळेच म्हणायला लागले." ती हसली, आणि मग हसणं तिच्या तोंडावरून गेलं. "तो तुला रोज विचारतो ना? माझं कसं काय म्हणून."

मी हो म्हटलं. खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

"मला तिकडं नको नेऊ देऊस," ती म्हणाली. "घरी मी चुकले तर खाली उतरेन. तिकडं कुठं उतरू?"

खोलीकडे जाताना पुढे ती चालली, फोनवरच्या नकाशाकडे बघत, आणि मी या वेळी तिच्या शेजारी चालले, दोघींचे हात एकमेकींत. प्रत्येक पाटी मी मोठ्यानं वाचत होते. उच्चार काय होत होते कुणास ठाऊक. वर जाऊन मी कुळथाची पिठी केली, तिनं त्यात सोडे टाकले, आणि आम्ही दोघी गरम भातावर घेऊन जेवलो. फोन चार्जिंगला लावला होता. तो उजळला आणि लगेच वाजला. ती उठली नाही. मला खूण केली, तूच घे.

"मावशी, झालं का भाषण? अम्मी कशी हाय?" त्याच्या आवाजात काळजी होती, माझ्या आवाजात असते तशीच. तो वाईट मुलगा नाही. त्यालाही आई हवी आहे, आणि मला मैत्रीण, आणि तिला खाडी. यातलं कुणाचं खरं मानायचं, हे ठरवायला मी कोण? टपरीवाल्याच्या फोननंतर मला वाटत होतं की मी नीट पाहिलं म्हणजे मला कळेल. मी नीट पाहिलं होतं, आणि मला आधीपेक्षा कमी कळत होतं.

"अरे, मी चुकले," मी म्हटलं. "डोंगरावरून उतरताना भलत्याच वाटेला लागले, फोन बंद पडला, मला आपल्या खोलीचा पत्तासुद्धा सांगता येईना. शेवटी तुझी आई बंदरावर आली आणि मला घरी घेऊन आली."

मग तो हसायला लागला. "मावशी, तुम्ही शाळेत भूगोल शिकवायचात ना?"

"शिकवायचे."

"आणि अम्मीनं तुम्हाला घरी आणलं?"

"हो," मी म्हटलं. यातला एकही शब्द खोटा नव्हता. तिचा 'चुकले' हा एक शब्द मात्र मी ठेवून दिला होता, आणि तो आता माझ्याकडे राहणार होता, रोज, दिवेलागणीला, तिच्या घरात दिवा लागला की नाही हे आमच्या बागेच्या कडेला येऊन बघताना. "बरं झालं मग," तो म्हणाला. "मी उगीच घाबरत होतो." त्याचा सुस्कारा मला इतक्या लांबून ऐकू आला.

फोन ठेवला. तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं होतं, डोळे मिटलेले. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, निदान माझा हात तरी धरेल. बाहेर बर्फ पडत होता, त्याचा आवाज नसतो. मी दिवा मालवायला उठले तेव्हा तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे अगदी प्रसन्नपणे बघितलं.

"मोहोर आला का गो तुझ्याकडं?"

"आला," मी म्हटलं. "कलमं भरून आलीत. फक्त धुकं नको पडायला."